गाव निजवताना

पेणच्या खारेपाटातल्या एका घरी मुक्कामाला होतो तेव्हाची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या मुलीला रात्री पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तक परदेशी होतं, मराठीत आणलेलं. पान उलटलं तर सगळीकडे बर्फ. छपरांवर बर्फ, झाडांवर बर्फ, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. खाली छापलेलं वाक्य मी वाचणार तेवढ्यात ती म्हणाली, "मीठ!" बोट रस्त्याकडेच्या ढिगावर. तिच्या आजोळच्या वाटेवर आता थोडीच उरलेली मिठागरं लागतात आणि तिथे उन्हाळ्यात अगदी असेच ढीग असतात. मी म्हटलं, "हे बर्फ आहे, गार असतं." तिने ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि विचारलं, "मग यांचं मीठ कुठंय?"

पाच मिनिटांत ती झोपली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. लहान मूल पुस्तकातलं गाव स्वतःच्या गावाच्या मापाने मोजतं. दुसरं माप त्याच्यापाशी नसतंच. पेण-रोहा परिसरातल्या रात्रीच्या वाचनावरच्या या संग्रहातल्या सगळ्या लेखांना जोडणारा धागा तिच्या त्या प्रश्नात आहे. झोपताना वाचायच्या स्थळांच्या चित्रपुस्तकात अर्धं गाव छापलेलं असतं, उरलेलं अर्धं वाचणाऱ्याने पदरचं घालायचं असतं. कुणी ते घातलं नाही, तर मूल स्वतःच घालू लागतं.

या विषयाशी ज्यांची पहिलीच ओळख आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. स्थळाचं चित्रपुस्तक म्हणजे प्रवासवर्णन नाही आणि भूगोलाचं पुस्तकही नाही. त्याचा नायक एखादं ठिकाण असतो: घर, गल्ली, बाजार, स्टेशन, नदी, शहर. पानं थोडी, शब्द त्याहून थोडे, आणि निम्म्याहून जास्त काम चित्राकडे. असं पुस्तक दुपारी वाचणं वेगळं आणि रात्री वाचणं वेगळं. दुपारी मूल त्या ठिकाणी हिंडायला निघतं. रात्री त्याला ते ठिकाण आवरून, झाकून, दिवा मालवून ठेवायचं असतं. जग जागच्या जागी आहे आणि सकाळी ते तिथेच सापडेल, एवढी खात्री मिळाली की डोळे मिटतात.

हे आपल्याला कुणी परदेशातून शिकवलेलं नाही. कोकणातल्या कुठल्याही आजीला मूल निजवताना ऐका. चिऊ झोपली, काऊ झोपला, गोठ्यातली गाय झोपली, अंगणातला पिंपळ झोपला, आता कोण राहिलं? आजी एकेक करून सगळं गाव निजवते आणि शेवटी उरलेल्या एकाची पाळी येते. तिचा नकाशा असा असतो: घरापासून गोठा, गोठ्यापासून अंगण, अंगणापासून रस्ता. छापील पुस्तक फार नंतर आलं. 'गाव निजवणं' आपल्याकडे आधीपासून होतं.

छापील परंपरेचा आरंभ सहसा कोमेनियसपासून धरतात. युद्धाने देशोधडीला लागलेल्या या मोराव्हियन शिक्षकाचं चित्रमय जगाचं पुस्तक 1658 साली निघालं. मुलाला शब्द द्यायचा तर वस्तू दाखवून द्या, हा त्यातला विचार. पण मुलाच्या स्वतःच्या परिसराला पुस्तकात मानाची जागा मिळायला विसावं शतक उजाडलं. 1921 साली न्यूयॉर्कमध्ये ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनी 'इथलं आणि आत्ताचं' असा आग्रह धरणारा कथासंग्रह काढला. लहान मुलांना पऱ्या आणि राजवाड्यांआधी आपला रस्ता, आपली आगगाडी, आपलं स्वयंपाकघर द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच शाळेच्या वर्तुळात तयार झालेल्या मार्गारेट वाइज ब्राउन यांनी 1947 साली 'गुडनाइट मून' लिहिलं. एक खोली, त्यातल्या वस्तू, आणि एकेकीचा निरोप. आपल्या आजीच्या यादीची ती चुलत बहीणच म्हणायची.

त्यानंतर वाटा फुटल्या. ढोबळमानाने चार प्रवाह सांगता येतात.

पहिला प्रवाह यादीचा. 1959 साली मिरोस्लाव साशेक यांची पॅरिस आणि लंडन या शहरांवरची चित्रपुस्तकं आली आणि एका शहराला एक पुस्तक ही रीत रुळली. पुढे तिचं पीक आलं. आज कुठल्याही मोठ्या शहराला शुभरात्री म्हणणारं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मिळतं: मनोरा, पूल, संग्रहालय, समुद्रकिनारा, शुभरात्री. साशेक यांच्याकडे बारकाईने पाहणारी मिश्कील नजर होती. नकलांमध्ये बहुधा पाहुण्यांना दाखवायच्या जागांची जंत्रीच उरते.

दुसरा प्रवाह गजबजलेल्या चित्रांचा. जर्मनीत अली मिटगुच यांनी 1968 साली शहराची अशी मोठी चित्रं काढली की एका पानावर शंभर जण शंभर कामं करताना दिसावेत. जपानमध्ये मित्सुमासा आन्नो यांनी 1977च्या सुमारास शब्दांवाचून प्रवास घडवणारी पुस्तकं केली. यात गोष्ट छापलेली नसते. ती आई सांगते, नाहीतर मूल सांगतं.

तिसरा प्रवाह एका जागेच्या आयुष्याचा. व्हर्जिनिया ली बर्टन यांच्या 1942 सालच्या 'द लिटल हाउस'मधलं घर जवळजवळ गोष्टभर जागचं हलत नाही. त्याच्याभोवती शेतं जातात, रस्ते येतात, इमारती चढतात, दिवे इतके वाढतात की तारे दिसेनासे होतात. आणि चौथा प्रवाह गोष्टीत मुरलेल्या गावाचा. तिथे ठिकाणाची ओळख मुद्दाम करून दिली जात नाही. पात्रं राहतात, खातात, भांडतात, आणि गाव आपोआप कळत जातं.

मराठीत हा चौथा प्रवाह सर्वांत जुना आणि सर्वांत सकस. एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी छापलेल्या मजकुरावर बोधाची छाया होती. 1906 साली वा. गो. आपटे यांनी 'आनंद' मासिक सुरू केलं आणि मुलांच्या वाचनात मोकळी हवा आली. पण रात्र आणि गाव यांची गाठ घातली ती साने गुरुजींनी. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एकेका रात्री श्याम बोलतो आणि ऐकणाऱ्यांपुढे पालगडची विहीर, देऊळ, वाट, शेत उभं राहतं. चित्र एकही नसलं तरी चालतं. दापोलीकडचं ते गाव महाराष्ट्रभरच्या मुलांनी रात्रीच्या गोष्टींतून पाहिलं. आपल्याच रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या वडघरला गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. रोह्याहून तिथे मुलांना घेऊन सहज जाता येतं.

दुसरं ऋण बालशिक्षणाचं. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला. आदिवासी पाड्यावरच्या मुलांना शिकवायचं तर साधनं त्यांच्या अंगणातलीच हवीत, हे त्यांनी करून दाखवलं. बिया, पानं, शंख-शिंपले, आणि त्याच परिसरातली गाणी-गोष्टी. ल्यूसी मिचेल यांचा न्यूयॉर्कमधला आग्रह आणि ताराबाईंचं कोसबाडमधलं काम एकमेकांना न शोधता एकाच ठिकाणी पोचलं होतं.

चित्रपुस्तक मात्र उशिरा आलं. 'चांदोबा' 1952 पासून मराठीत आला, बालभारतीचं 'किशोर' 1971 साली. चित्रं होती, पण ती गोष्टीला सोबत म्हणून. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त रंगीत पुस्तकं आली. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत सोव्हिएत पुस्तकं आली आणि मराठी मुलांना आपल्या तालुक्याआधी रशियातल्या बर्फाळ खेड्याची ओळख झाली. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने आणि विशेषतः माधुरी पुरंदरे यांनी हे चित्र पालटलं. 'राधाचं घर'मधलं घर आपलं वाटतं ते त्यातल्या माणसांच्या बसण्या-उठण्यामुळे. त्यांच्या 'चित्रवाचन'ने तर पालकांना आणि शिक्षकांना चित्रापाशी थांबून बोलायला लावलं. 2004 साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने आणि 2015 पासून त्यांच्या स्टोरीवीव्हरने मोबाइलवरही मराठी पुस्तकं फुकट पोचवली.

तरीही एक पोकळी राहिली. आपल्याकडे तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघतं, आणि रायगडच्या मुलाला रायगड जिल्हा छापील रूपात भेटतो तो आठव्या वर्षी. त्याआधीची वर्षं, म्हणजे गाव खऱ्या अर्थाने अंगात भिनतं ती वर्षं, पुस्तकावाचून जातात. बाहेरच्या माणसाच्या लेखी पेण म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचा थांबा, आणि रोहा म्हणजे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते ते स्टेशन. तिथे जन्मलेल्या मुलाला आपण कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या वाटेवर राहतो असं मुळीच वाटत नसतं.

समजा, या दोन गावांचं यादीवजा पुस्तक कुणी केलं. त्यात पेण तालुक्यातलं गागोदे येईल, 1895 साली विनोबांचा जन्म झाला ते. पांडुरंगशास्त्री आठवले यांचं रोहा येईल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं, तेही येईल. अवचितगड येईल. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचं आहे, आणि तीन वर्षांच्या मुलाला निजवायला अगदी निरुपयोगी आहे.

निजायच्या वेळी उपयोगी पडतं ते वेगळंच. पेणच्या मुलाने गणपती बसलेला पाहण्याआधी कारखान्यात ओळीने उभा असलेला पाहिलेला असतो. शाडूचा करडा, प्लास्टरचा पांढराफटक, साच्यातून नुकताच निघालेला, हात अजून लावायचे राहिलेला. हमरापूर-जोह्याकडे घराघरांत हे काम बारा महिने चालतं. रंग चढतो, दागिने चढतात, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, तीही ज्याचा हात बसलाय त्याच्याच कुंचल्याने. या संग्रहासाठी जमलेल्या एका बैठकीत एका आईने सांगितलं, की कुठल्याही चित्रपुस्तकातल्या माणसांचे डोळे तिचा मुलगा आधी तपासतो. ठिपक्यांचे डोळे असले की म्हणतो, "याची आखणी राहिली." रात्री तो आखणी न झालेल्या गणपतींना आधी निजवतो. त्यांना डोळेच नाहीत, त्यामुळे ते लवकर झोपतात. हे तर्कशास्त्र कुठल्या पुस्तकात छापून मिळणार?

रोह्याची नदीही अशीच. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरून कुंडलिकेत येतं. वीजघर पाणी सोडतं तेव्हा नदी भरते, एरवी खडक उघडे पडतात. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. रोह्याचं मूल "नदी झोपली का?" असं विचारतं तेव्हा ती नुसती कल्पना नसते. त्याची नदी खरंच झोपते आणि उठते. या पाण्यापायी 1921 साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, मावळातली गावं बुडाली. ते मुलाला आज सांगायचं नाही. पण वाचणाऱ्याला ते माहीत असलं, तर "हो, झोपली" म्हणतानाही आवाजात थोडं वजन येतं. आणि दसरा झाल्यावर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, तेव्हा रोह्यात मुलांना वेळेवर झोप म्हणायची सोय नसते. गाव निजवायच्या खेळात गाव जागतं अशी एक रात्र हवीच.

वाचावं कसं, याबद्दल दोन मतं आहेत आणि या संग्रहात दोन्ही भेटतील. एक मत म्हणतं, छापलंय तसं वाचा. लेखकाने शब्द तोलून ठेवलेत, त्यांची लय मुलाच्या कानात जाऊ द्या. दुसरं म्हणतं, थांबा, विचारा, बोलतं करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली दाखवून दिलं, की मुलाला प्रश्न विचारत, त्याचं उत्तर थोडं वाढवून परत देत वाचलं तर त्याची बोली भाषा वेगाने वाढते. माझा अनुभव मधला आहे. पुस्तक नवं असताना गप्पा माराव्यात. "आपल्याकडे असं कुठं असतं गं?" एवढा एक प्रश्न पुरतो. चौथ्या-पाचव्या रात्री गप्पा आपोआप आटतात आणि मूल शब्दाला शब्द मागतं. मग एक शब्दही इकडचा तिकडे करू नये, पकडले जाल.

भाषेचा प्रश्न मात्र मधला मार्ग काढून सुटत नाही. पुस्तक प्रमाण मराठीत असतं. खारेपाटातलं घर आगरी बोलतं, कोळीवाड्याची बोली वेगळी, डोंगराकडच्या वाडीवर कातकरी आणि ठाकरी. पुस्तकातले 'बाबा' वाचताना बाप अडखळतो आणि 'बापूस' म्हणून जातो. ही चूक नाही, हेच वाचन. पुस्तकातल्या गावात घरच्या बोलीने पाऊल टाकलं की मूल त्याच्यामागून निर्धास्त जातं. कातकरी कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड. पावसाळा सरला की कित्येक घरं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि सहा-आठ महिन्यांनी परततात. त्या मुलाला 'माझं घर' या पानावर कुठलं घर दाखवायचं? आमच्यातल्या एका अंगणवाडी ताईने याचं साधं उत्तर शोधलं. ती त्या पानापाशी दोनदा थांबते. "हे वाडीवरचं. आता भट्टीवरचं सांग."

हे सगळं आत्ताच का? मोबाइल हे कारण सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. पण पेण-रोह्याला त्याहून मोठं कारण आहे: जागाच बदलते आहे. 2008 साली पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझबद्दल, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल, सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. 2024 साली मुंबईला समुद्रावरून इकडे जोडणारा अटल सेतू सुरू झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 124 गावं नव्या नगराच्या आराखड्यात आली. भरती अडवणारे खारबंदिस्तीचे बांध, पाणी सोडणाऱ्या उघाड्या, खाजणातले बगळे, भाताच्या खाचरांतून दिसणारे दूरचे दिवे, यातलं काय उरेल ते आजच सांगता येणार नाही. बर्टन यांच्या घराभोवती जे चाळीस पानांत घडलं ते इथे एका मुलाच्या बालपणात घडू शकतं. मी बदलाच्या विरोधात लिहीत नाही. घरोघरी नोकऱ्याही हव्या आहेत. पण ज्या जागेची नावं मुलाच्या तोंडी बसलेली असतात, ती हलवताना निदान कुणीतरी विचारतं, की हे इथे होतं ना?

म्हणून हे पुस्तक. पेण आणि रोहा परिसरातल्या पालकांनी, आजी-आजोबांनी, शिक्षकांनी आणि अंगणवाडी ताईंनी रात्रीच्या वाचनाबद्दल लिहिलेले हे लेख आहेत. यात वाचनाचा अभ्यासक्रम नाही. कुठल्या वयाला कोणतं पुस्तक याचा तक्ता नाही. कुठलं पान कुणाच्या घरी कसं वाचलं गेलं, मूल कुठे अडलं, कुठे हसलं, कशामुळे झोपेऐवजी उठून बसलं, याच्या या नोंदी आहेत. काही फसलेल्या रात्रीही आहेत; त्या आम्ही जाणूनबुजून ठेवल्या. पावसाळ्यात बुरशी धरलेली पुस्तकं, वीज गेल्यावर टॉर्चच्या उजेडात वाचलेली पानं, वाचता न येणाऱ्या आजीने चित्रावरून रचलेली आणि छापील गोष्टीपेक्षा सरस ठरलेली गोष्ट, हेही यात आहे. त्या आजीचा लेख तिच्या नातीने लिहून घेतला आहे.

मर्यादाही सांगायला हवी. लिहिणाऱ्यांत आया जास्त आहेत, बाप थोडे. कातकरी वाडीवरचे अनुभव बहुतेक ताईंच्या तोंडून आले आहेत, त्या घरांतून थेट आलेले नाहीत. पुढच्या आवृत्तीत हे बदलावं, अशी संपादकांइतकीच माझीही इच्छा आहे.

वाचकाला एकच विनंती. हा संग्रह एका बैठकीत संपवू नका. एक लेख वाचा, मग घरात असेल ते चित्रपुस्तक घेऊन मुलाशेजारी आडवे व्हा. पुस्तक पॅरिसचं असो, पुण्याचं असो की रशियातल्या बर्फाचं. शेवटचं पान झालं की ते मिटा, दिवा मालवा आणि अंधारात विचारा, "आता आपल्या गावात कोण कोण झोपायचं राहिलंय?" जी नावं येतील ती सकाळी विसरायच्या आत एका वहीत लिहून ठेवा. पेण आणि रोह्याचं चित्रपुस्तक अजून व्हायचं आहे. ते त्या वह्यांतूनच होईल.